वीस सेकंदाला एक खडा

सत्त्याण्णव साली बारामती एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आम्ही सहा बायका सोल्डरिंग करायचो आणि मनिषा एकटी कॉम्प्युटरपुढं बसायची. पळसदेवची, मेंढपाळाच्या घरातली, डिप्लोमा झालेली. काम करताना तिचे डोळे अर्धे मिटलेले असत, धरणाच्या पाण्याकडं बघत बसल्यासारखे. आधी मला तिचा रागच यायचा. आमची बोटं भाजत होती आणि ही बया स्वप्नं बघत होती!

आमच्याकडं उपसा मोटारींचे स्टार्टर बनायचे. वीज आली की ही स्टार्टरची पेटी आपोआप मोटार सुरू करायची आणि दहा तास पाणी दिलं की बंद करायची. त्या वर्षी मालकांनी, मानसिंगरावांनी, नव्या चिपच्या पेट्या काढल्या. मनिषानं त्यांचा प्रोग्रॅम लिहिला आणि तोच जुन्या चिपच्या पेट्यांतही भरला. नव्या पेट्या झकास चालल्या. जुन्या मात्र नऊ तास सहा मिनिटं झाली की मोटार बंद करू लागल्या. उसाच्या शेवटच्या सऱ्या कोरड्या राहिल्या म्हणून लोक शेडवर भांडायला आले.

दोष लवकर सापडला. प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. जुन्या चिपचा कंपायलर फारच तोकडा होता. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढचा आकडा त्याला झेपत नव्हता. तेवढे सेकंद भरले की मोजणी एकदम शून्याच्या खाली जायची आणि पेटी घाबरून मोटार बंद करायची. नव्या चिपला हा त्रासच नव्हता.

"शनिवारपातूर दोन्ही पेट्यांवर एकच प्रोग्रॅम चालला पायजे," मानसिंगराव म्हणाले. "न्हायतर पुण्याचा माणूस आणतो. तू सोल्डरिंगला बस."

जसं काही सोल्डरिंग म्हणजे शिक्षाच. मला भयंकर झोंबलं.

गुरुवारी दुपारी बघते तर ही माझ्या टेबलावरचे नट एका हातातून दुसऱ्या हातात सोडतेय. वीस झाले की एक बाजूला ठेवायचा, पुन्हा एकपासून सुरू.

"खेळतीस काय गं? खुर्ची चाललीय तुझी!" मी खेकसले.

"योगिनीताई, आमचं आबा असंच मोजायचं," ती लांबूनच बोलल्यासारखी म्हणाली. "विसाच्या पुढं त्यास्नी येतच न्हाय. मेंढरांच्या वाडग्याच्या तोंडाशी बसायचं. वीस मेंढरं आत गेली की एक खडा धोतरात. शेवटी खडं मोजायचं. चारशे मेंढरांत एक बी कधी चुकलं न्हाय."

मग ती कॉम्प्युटरकडं वळली. वीस सेकंद झाले की एक खडा, सेकंद पुन्हा शून्यापासून. दहा तासांचे खडे होतात अठराशे. एवढा आकडा तर त्या तोकड्या कंपायलरलाही पेलणार होता, नव्याला तर पेलणारच.

शनिवारी सकाळी सात वाजता दोन्ही पेट्या शेजारी शेजारी लावल्या. दिवसभर दोन मोटारींची एकसुरी घरघर, शेजारच्या डेअरीतून येणारा तापल्या दुधाचा वास, सेकंदाला लुकलुकणारे दोन लाल दिवे. जेवणानंतर आम्ही सगळ्याच पेंगुळलो. मलाही दिसायला लागलं: एकेक सेकंद मान खाली घालून आत शिरतोय, कुणीतरी शांतपणे खडा टाकतंय, आणि धूळ उडतेय पण आवाज कसलाच नाही. तिला रोज असंच दिसत असेल का?

चार वाजून सहा मिनिटं झाली. सात झाली. जुनी मोटार फिरतच होती.

बरोबर पाचला दोन्ही मोटारी एकदम थांबल्या. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मानसिंगरावांनी पुण्याला फोन करून त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. मग मनिषाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी त्यांना तिची खडे टाकायची रीत सांगितली, तशी त्यांची कळीच खुलली.

"आबास्नी भेटलं पायजे एकदा. आन् मेंढरं सध्या कुठं हायती? खताला माझ्या रानात बसवू की."

मनिषा वायर गुंडाळत होती.

"न्हाईत आता," ती म्हणाली. "मला डिप्लोमाला घालताना सगळी विकली."