साडभाऊंनी भरलेल्या बाटल्या

आमच्या साडभाऊंइतका निर्व्यसनी माणूस यवतमाळ जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी दुसरा सापडायचा नाही, आणि अफू खातो म्हणून नोकरीवरून घरी बसवलेला आमच्या सगळ्या गोतावळ्यात तोच एक माणूस आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तालुक्याच्या नगरपरिषदेत फायरमन. सुपारीचं खांड त्यांनी कधी तोंडात टाकलं नाही. चहा घेतात तो समोरच्याचं मन मोडू नये म्हणून. होळीला कोणी थंडाईचा पेला पुढे केला तर आधी स्वतः हुंगतात, मग शेजारच्याला हुंगायला लावतात, आणि एवढं करूनही पेला परत देतात. त्यांचं लग्न ठरताना आमच्या सासऱ्यांनी चारचौघांसारखं विचारलं होतं, "पोराले काही नाद-बिद?" त्यावर त्यांचे वडील म्हणाले होते, "हाय ना. आगीचा." सासरे बाभुळगावचे, सरळ माणूस. ते दोन दिवस विचारात पडले होते म्हणतात.

पण वडील खोटं बोलले नव्हते. हे पेटलं तर काय, एवढ्या एकाच नजरेनं साडभाऊ जगाकडे बघतात. लग्नाच्या मांडवात शिरले की नवरानवरीकडे त्यांचं लक्ष नंतर जातं. आधी मांडवाचं कापड चिमटीत धरून बघतात, दिव्यांच्या वायरी कुठून कुठे गेल्या ते बघतात, आचाऱ्याची भट्टी चार हात मागे सरकवायला लावतात, आणि मग अक्षता हातात घेतात. आहेर म्हणून आयुष्यभर त्यांनी एकच वस्तू दिली, ती म्हणजे वाळूनं भरलेली लाल बादली. माझ्या वास्तुशांतीला दोन दिल्या, कारण मी जवळचा. हिनं त्यातल्या एकीत हौसेनं तुळस लावली, तर दारात उभे राहून म्हणाले, "तुळसामाय येनार हाय का आग विझवाले?" आणि आत न येता निघून गेले. तुळस दुसरीकडे हलवल्याची खात्री झाल्यावर पुन्हा यायला लागले.

त्यांचा दुसरा सिद्धांत पाण्याचा. माणूस आणि बंबाची टाकी यांत ते फरक करत नाहीत, दोन्ही कायम भरलेली हवीत. घरातून पाऊल बाहेर टाकण्याआधी उभ्या उभ्या एक तांब्या, ऑफिसात पोचल्यावर दुसरा, आणि पाहुणा आला तर त्याच्यासोबत तिसरा. त्यांच्या घरी जाऊन यायचं म्हणजे येताना वाटेत दोनदा थांबावं लागतं. आणि तिसरं म्हणजे कोणाचं अडलं की हे त्याच्या जागी उभे राहणार. पंगतीत शेजाऱ्याला जिलबी संपेना की हे आपलं पान पुढे करतात. चुलतभावाच्या लग्नात नवरदेवाचे मामा फोटोच्या वेळी सापडेनात, तर हे मामा होऊन उभे राहिले. त्या अल्बममध्ये आजही मामा तेच आहेत, खरे मामा कुठेच नाहीत.

राहिली खसखस. आमच्या ताईंच्या, म्हणजे साडभाऊंच्या बायकोच्या, हातची खसखशीची भाजी ज्यानं खाल्ली नाही त्याला मी काही समजावू शकत नाही. घट्ट वाटलेली, वर लाल तर्री, सोबत ज्वारीची भाकर. इतरांकडे ती पाहुणे आले की होते, साडभाऊंकडे कापसाच्या हंगामात जवळजवळ रोज. धुरानं घशात आणि पोटात आग पडते, तिच्यावर खसखशीसारखं थंड काही नाही, अशी त्यांची श्रद्धा. "बाहेरची आग पान्यानं, आतली खसखशीनं," असं ते म्हणत आणि तिसरी वाटी घेत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, खरेदी केंद्राचा काटा आज चालू तर उद्या बंद, आणि बैलगाड्यांची अन् ट्रॅक्टरची रांग पार राळेगावच्या रस्त्याला लागलेली. जिनिंगच्या आवारांत न उचललेल्या कापसाच्या गंज्याच गंज्या. कापसाची आग मोठी लबाड असते. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते, म्हणून गंजी आकड्यानं ओढून ओढून फोडावी लागते. अशीच एका सकाळी एका जिनिंगला आग लागली. बंब निघाला तर रस्त्यात गाड्यांची रांग. बैल सोडून, गाड्या ढकलून वाट करेपर्यंत अर्धी गंजी गेली. बाकीची अर्धी या लोकांनी वाचवली, पण मालकाला गेलेली तेवढी दिसली. त्यानं मुख्याधिकारी साहेबांकडे तक्रार केली की बंबावरची माणसं नशेत होती, सगळ्यांचे डोळे लाल होते. कापसाच्या धुरात सकाळ घालवून पांढरे डोळे घेऊन परत आलेला फायरमन मी तरी पाहिलेला नाही.

साहेब नवे होते. वरून फोन आला असावा. त्यांनी लगेच कुठल्याशा खासगी लॅबचा माणूस बोलावला. ही माणसं आगीवरून परत येऊन नुकती टेकली होती, तेवढ्यात त्यानं प्रत्येकाच्या हातात बाटली दिली, भरून आणा म्हणाला आणि बाहेर मोबाइलवर बोलत उभा राहिला. कसली तपासणी, कशासाठी, कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. सगळ्यांची समजूत झाली की साखर तपासायचं शिबिर आहे. आता सकाळपासून आगीपुढे घामानं निथळलेल्या माणसांच्या अंगात थेंब उरला नव्हता. बंबाचा ड्रायव्हर रामटेके तर बाटली हातात धरून कानकोंडा होऊन उभा होता. आणि तिथे आमचे साडभाऊ होते, तांब्यावर तांबे रिचवलेले, टाकी काठोकाठ. कोणाचं अडलेलं त्यांना बघवत नाही. "आना इकडे सगळ्याईच्या," ते म्हणाले, "एका टाकीवर सारे पाइप चालतात." आणि त्यांनी आपली बाटली भरली, रामटेकेची भरली, आणि राहिलेल्या सगळ्यांच्या भरल्या.

निकाल आला की सगळ्यांच्या अंगात अफू. पुढचा आदेश येईपर्यंत सगळे घरी. गावाला काय, बसल्या जागी विषय मिळाला. पानठेल्यावर लोक म्हणू लागले, "म्हनून तं आगीले भेत नाही बे हे लोक!" साडभाऊ आधी लॅबवर भडकले, मग जिनिंगच्या मालकावर, मग सरकारवर. ते भडकत असतानाच ताईंनी भाकर थापता थापता विचारलं, "पन सगळ्या बाटल्या तं तुम्हीच भरल्या व्हत्या ना?" साडभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. त्या दिवशी त्यांनी भाजीची वाटी बाजूला सारली आणि तडक माझ्याकडे आले.

त्यांना स्वतःची काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. निवृत्ती जवळ आलेली, तपासणीत लबाडी केली म्हटलं तर सगळ्या नोकरीवर पाणी. पण डोक्यात रामटेके बसला होता. रामटेकेचं घर बौद्ध. आई दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाणारी, पंचशील सगळ्यांच्या आधी म्हणणारी. नशा करणार नाही हे पाचवं शील. पोरगा अफू खातो हे ऐकल्यापासून ती माउली विहाराच्या रस्त्याला गेली नव्हती. "माह्या बाटलीनं तिचं तोंड बंद केलं, साडभाऊ," ते मला म्हणाले. आणि मग, मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्यांनी पाण्याचा तांब्या नको म्हटला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत साहेबांकडे गेलो. मी तहसीलमधला माणूस, कचेरीत बोलायचं कसं ते मला येतं असा त्यांचा गैरसमज आहे. बाकीची मंडळीही आली. साहेबांनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून ठेवलं होतं, कारण सगळ्यांचं सगळं सारखं कसं हे त्यांनाही पटत नव्हतं. साडभाऊ खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "साहेब, त्या बाटल्यात जे काय व्हतं ते सारं माहं व्हतं. आम्हाले वाटलं साखर पाहून राह्यले. हे लोक कोरडे व्हते, म्या भरून देल्लं. मले घरी बसवा. पन त्या पोराची बाटली त्याले भरू द्या." खोलीत कोणाला हसू आवरेना आणि कोणाला हसायचं धाडस होईना. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात विचारलं, "आदल्या रात्री जेवणात काय होतं?" साडभाऊंनी भाजीचं नाव सांगितलं. बाईंनी डोक्याला हात लावला. खसखस अफूच्याच बोंडातली, तिनं नशा होत नाही, पण भरपूर खाल्ली तर तपासणीत अफूचा अंश दिसू शकतो, असं त्यांनी समजावलं. म्हणूनच आधी विचारायचं असतं, काय खाल्लं, कोणतं औषध चालू आहे, आणि मग पक्की तपासणी करायची असते.

मग रामटेके बोलला. मोजकं बोलणारा माणूस, त्यामुळे सगळे ऐकू लागले. "साहेब, तपासणीले आमची ना नाई. गाडी आम्ही चालवतो, रस्त्यात लेकरंबाळं असतात. पन कायची तपासणी हाय ते आधी सांगा. बाटली आमच्यासमोर बंद करा, तिच्यातलं अर्धं जपून ठेवा. चूक निघाली तं आम्हाले बोलू द्या, अन् पक्कं झाल्याबिगर गावात नाव घेऊ नका. माही माय घरातून निघून नाई राह्यली." साहेबांनी समोरचा निकालाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "पुन्हा करू. तुम्ही म्हणता तशीच. आणि पहिली बाटली माझी." त्या नव्या साहेबाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

त्या दिवसांत ताईंनी खसखशीचा डबा शेजारी नेऊन ठेवला. आठवड्यानं तपासणी झाली, एकेकाला आत बोलावून, नीट विचारून, समोर बाटली बंद करून. साडभाऊंना बाटल्यांपासून लांब बसवायची साहेबांची सक्त ताकीद होती. ते आवारातल्या लिंबाखाली माठ घेऊन बसले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला, साहेबांनासुद्धा, तांब्याभर पाणी पाजत राहिले. त्या दिवशी कोणाचंच अडलं नाही. सगळे निर्मळ निघाले. साहेबांनी सगळ्यांना कामावर घेतलं आणि गावात जीप फिरवून भोंग्यावर तसं सांगितलंही. साडभाऊंना मात्र त्यांच्या परोपकाराबद्दल उन्हाळाभर बंबावरून काढून पाण्याच्या टँकरवर टाकलं. "बरोबर केलं साहेबानं," ते म्हणाले. "दुसऱ्याची बाटली भरनं गुन्हाच हाय."

त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारातून परतताना रामटेकेची आई साडभाऊंच्या दारात आली. मी तिथेच होतो. एरवी कोणी दारात आलं की आधी पाणी, मग बोलणं, असा त्या घरचा शिरस्ता, पण साडभाऊ नुसते उठून उभे राहिले. त्यांना माफी मागायची होती. ती बाई पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत म्हणाली, "भाऊ, तुम्ही टँकरवर गेले म्हनते. उन्हाळा सरला का माह्या पोराच्या बाजूले या. त्याच्या गाडीवर तुम्ही नसले तं मले करमत नाई." साडभाऊंनी मान हलवली. डोळे लाल झाले होते, आणि या वेळी धूर नव्हता.

उन्हाळा सरल्यावर ते रामटेकेच्या बाजूला जाऊन बसले, ते निवृत्त होईपर्यंत. आता घरीच असतात. हंगामात बंबाचा भोंगा वाजला की जेवता जेवता उठतात, दारात जातात आणि रस्त्यावरच्या कोणालाही विचारतात, "गाडीवर कोन हाय?" रामटेके आहे असं कळलं की परत येऊन शांतपणे जेवायला बसतात.