केवढा आहे बाबा

वरळीच्या राजरत्नला अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता तो दीपिकाचा नवरा म्हणून. ती हॉस्पिटलात नर्स, हा घरी लेकीला सांभाळायचा. घटस्फोट झाला, तसा नवरेपणाबरोबर व्हिसाही गेला. लेक यशू आईकडे राहिली. तिथल्या कोर्टाने बापाला दर शनिवारी भेटायची मुभा दिली. पण भेटायला त्या देशात राहू तर द्या! जा म्हणावं वरळीहून दर शनिवारी!

आता भेट होते फोनवर. दाराच्या चौकटीवर बकुळाने, त्याच्या आईने, लहानपणी त्याच्या उंचीच्या रेघा मारल्या होत्या. त्यांच्याच शेजारी तो यशूच्या मारतो. तिकडे दीपिका मोजून सांगते, इकडे पेन्सिल फिरते.

परवा रेघ मारून तो म्हणाला, "बघ, केवढी झालीस!"

"तू केवढा आहेस रे बाबा? मला तुझं तोंडच दिसतं."

राजरत्नने फोन खिडकीत टेकवला आणि मागे सरकत गेला. कंबर दिसली, गुडघे दिसले. पाठ चौकटीला टेकली, खोली संपली.

"अजून लांब जा ना बाबा," यशू म्हणाली, "पाय नाही दिसत."