देपालपूरच्या पुढचे तीन कोस

देवासची टेकडी पाठीमागे राहिली तेव्हा नुकते उजाडले होते. थंडीने हँडलवरची बोटे आखडली होती. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून माळव्यात आले. मी देवासच्या शाळेत चित्रकला शिकवतो. माझी थोरली बहीण अक्का धारला असते. पौष सरताना शाळेला सुट्टी लागली, तेव्हा नव्या बायसिकलवरून तिच्याकडे जायचे मी ठरवले.

इंदूरवरून पक्की सडक आहे, पण तिच्यावर टांगे, गाड्यांचे तांडे आणि धूळ फार. मी आडवाट धरली. सांवेर, देपालपूर आणि मग धार. दक्षिणेतल्या वाचकांना माळव्याचा चढ ठाऊक नसेल. डोळ्यांना तो दिसत नाही, पायांना तेवढा कळतो. एक उंचवटा ओलांडला की पलीकडे गहू, हरभरा आणि पांढऱ्या फुलांनी भरलेली अफूची शेते लांबवर उतरत गेलेली दिसतात. मग पाय थांबवायचे आणि गाडीला आपोआप उतरू द्यायचे. तासतासभर माणूस भेटत नव्हता.

क्षिप्रा नदीच्या उतारावर बायसिकल खांद्यावर घेतली आणि मध्यावर शेवाळावरून पाय सटकला. मी कमरेपर्यंत भिजलो, गाडी मात्र कोरडी राहिली. पलीकडे एक गाडीवान बैलांना पाणी पाजत होता. त्याने बायसिकल नीट न्याहाळली.

"भिया (भाऊ), बसायला जागा एकाचीच? मग घरचे लोग?"

"ते घरीच," मी म्हणालो.

त्याला ते पटले नाही. मान हलवून तो बैलांकडे वळला.

दुपारी सांवेरला एका हलवायाने दाल-बाफले (उकडून मग निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले) खाऊ घातले. त्यानंतरचे दोन कोस मी कसे काटले ते माझे मलाच माहीत. दिवेलागणीला देपालपूरच्या धर्मशाळेत पोचलो. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने सकाळी निघताना बजावले, "पुढे दोनतीन गावांत गाठीची बिमारी (प्लेग) आहे. कुठे आत शिरू नका, आणि पाणी आपल्याच लोट्यातले प्या."

थोडे पुढे गेल्यावर बरखेड्याच्या विहिरीजवळ बाभळीचा काटा पुढच्या चाकात शिरला. आतली रबरी नळी सोडवून मी गुरांच्या डोणीतल्या पाण्यात बुडवली आणि बुडबुडे शोधू लागलो. शेजारच्या झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली. तिचे नाव गेंदीबाई. ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. ठिगळ चिकटले तेव्हा म्हणाली, "ही घोड्यापेक्षा जलद जाते?"

"रस्ता बरा असला तर."

"मग माझे एक काम कर, बेटा."

तिची एकुलती एक मुलगी केसर पुढे तीन कोसांवर पिपल्याला दिलेली होती. तिथे गाठीची साथ होती. गावकरी घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहत होते आणि भोवती काट्यांचे कुंपण होते. दोन आठवड्यांत तिकडून कोणी आले नव्हते, आणि इकडचा माणूस तिकडे जायला तयार नव्हता. "कुंपणाबाहेरूनच विचार," ती म्हणाली. "एवढेच, की कशी आहे. आणि परत येऊन मला सांग."

अक्का संध्याकाळी वाट पाहणार होती. पण जाऊन यायला दीड-दोन तास पुरे होते, म्हणून मी होकार दिला.

पिपल्याच्या झोपड्या दुरूनच दिसल्या. गावातल्या घरांची दारे सताड उघडी होती आणि आत कोणी नव्हते. कुंपणापासून वीस पावलांवर थांबून मी केसरचे नाव घेतले. वीस-बावीस वर्षांची एक बाई पुढे आली. तिचा नवरा आठ दिवसांपूर्वी गेला होता. मागोमाग सासूही गेली. हे तिने मला कोरड्या आवाजात सांगितले, जणू दुसऱ्याच कोणाच्या घरची हकीगत.

मी म्हणालो, "तुमच्या आईने पाठवले आहे."

तेव्हा मात्र तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग म्हणाली, "मायला सांगा, सगळे बरे आहे. जावई बरा आहे, मी बरी आहे. खरे कळले तर ती इथे येईल, आणि इथे आलेला माणूस परत जात नाही. मला वचन द्या, भिया."

मी वचन दिले.

परतीचे तीन कोस मी ते खोटे पाठ करत गेलो. गेंदीबाई विहिरीपाशीच उभी होती. मी सगळे नीट सांगितले. तिने मान डोलावली, माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "हाथ में चूड़ो थो के नी?" (हातात चुडा होता की नाही?)

याचे उत्तर मी तयार केले नव्हते. ते दोन्ही उघडे हात माझ्या डोळ्यांपुढे आले. 'होता' म्हणायला क्षणही लागला नसता. पण मी खाली पाहिले, आणि वर पाहिले तेव्हा ती झोपडीत गेलेली होती.

ती रडली नाही. चूल विझवली, चार मक्याच्या रोट्या फडक्यात बांधल्या आणि बकरीची दोरी शेजारणीच्या हाती दिली.

"माँजी, केसरने येऊ नका म्हटले आहे. ती तुमच्या जिवासाठी भिते."

"वा म्हके बचाणो चावे," ती म्हणाली. "पण माय तो म्हूं हूं." (ती मला वाचवू पाहते. पण आई तर मी आहे.)

मी तिच्यासोबत निघालो. बायसिकल हातात धरून चालत होतो, कारण तिला एकटे पाठवणे मला जमले नाही. ज्या रस्त्यावरून मी नुकताच वाऱ्यासारखा जाऊन आलो होतो, तो आता पावलापावलाने समोर आला. ती ज्याचे त्याचे शेत नावाने सांगत होती. एका शिंदीच्या झाडाखाली केसरची वरात थांबली होती. एका ओढ्याच्या काठी केसर सासरी जाताना गाडीतून उतरून पळत परत आली होती. "मीच तिला हाताला धरून पुन्हा गाडीत बसवली," गेंदीबाई म्हणाली, आणि पावले भराभर टाकू लागली.

कुंपणाशी गावचा म्हातारा पटेल (पाटील) आला. "आत आलीस तर साथ सरेपर्यंत बाहेर सोडणार नाही," त्याने बजावले. गेंदीबाईनेच वाकून काट्याची फांदी बाजूला ओढली. केसर धावत आली, आईला पाहून थबकली, आणि मग तिने माझ्याकडे पाहिले. ती नजर घेऊन मी बायसिकलवर बसलो. रात्री चंबळेकाठच्या देवळात टेकलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धारला पोचलो.

अक्काने सगळे ऐकून मला अंगणातच उभे केले, पाणी तापवून आंघोळ घातली आणि माझे कपडे उकळायला टाकले. नंतरचे दहा दिवस माझा बिछाना बाहेरच्या ओसरीवर होता. दिवसा मी धारचा तांबडा किल्ला आणि तलाव चितारायला बसे, पण एकही चित्र साधले नाही. एका संध्याकाळी मी विचारले, "अक्का, मी चुकलो का गं?"

ती गहू निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "त्या आईच्या जागी मी असते, तर तुझे पाय धरले असते. केसरच्या जागी असते, तर तुला कधी क्षमा केली नसती."

परत येताना पिपल्याचे कुंपण मोडलेले दिसले. लोक घरांत परतत होते. केसर एका भिंतीला माती लिंपत होती. मी उतरलो. मला पाहून ती उठली नाही.

"माय गेली," ती म्हणाली. "सातव्या दिवशी."



"तुम्ही वचन मोडलेत."

"हो."

तिने हातातला मातीचा गोळा भिंतीवर थापला आणि तळव्याने सारखा केला. मग पाठमोरीच बोलली. "लेकीच्या सासरी आमच्यात पाणीसुद्धा पीत नाहीत. इतक्या वर्षांत ती या घरी कधी एक घोट प्यायली नव्हती. आता सहा दिवस माझ्याच ताटात जेवली." पुढचा गोळा उचलत म्हणाली, "ऊन चढेल. निघा आता."

तिने मला क्षमा केली की नाही, ते मला त्या आवाजावरून कळले नाही. अजूनही कळलेले नाही.

देवासला आल्यापासून ओळखीचे लोक आडवाटेची चौकशी करतात. रस्ता चांगला आहे, चाके कुठे फारशी अडत नाहीत, एवढे मी त्यांना सांगतो. पिपल्याच्या अलीकडचे ते तीन कोस मी तीनदा बायसिकलवरून आणि एकदा पायी काटले. बायसिकलवरून काय दिसले, ते आता मला आठवत नाही.