डाव्या सीटची टिंगटिंग

मला एका जागी बसवत नाही. आणि नशिबाने काम दिलं ते नेमकं बसून राहायचं. ठोकलेली गाडी डेंटिंग-पेंटिंग होऊन कितीही चकचकीत होऊ दे, आत बसवलेली नवी मॉड्यूलं, म्हणजे गाडीचे छोटे कॉम्प्युटर, कोरी असतात. आपण कुठल्या गाडीत आलोय, किती एअरबॅगा सांभाळायच्यात, त्यांना काही ठाऊक नसतं. केबल जोडून ते सगळं त्यांच्यात उतरवायचं, हे माझं काम. लॅपटॉपवर टक्के सरकत असतात तेवढा वेळ गाडीला कुणी हात लावायचा नाही. मध्येच कुणी दार उघडलं तर मी फाडून खाते, हे चाकणच्या आमच्या अख्ख्या वर्कशॉपला माहीत आहे.

मागच्या पावसाळ्यात ती पांढरी गाडी आली तेव्हा मी लांबूनच ओळखली. दादांची गाडी. आमचं जुनं गिऱ्हाईक, जवळच्याच गावातले, पूर्वी शेती, आता प्लॉटिंग. पुढचा कंटेनर अचानक थांबला आणि हे मागून जाऊन धडकले होते. दादांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

"मंडळी शेजारी बसली व्हती," ते म्हणाले. "तिचं डोकं काचंवर आपटलं. डाव्या डोळ्याचं आपरेशन झालंय, पर अजून अंधुकच दिसतंय. बेल्टच लावला न्हाई, ताई. आता काय करायचं सांगा! रोज बोलतोय मी तिला, तुझ्याच कर्मानं झालंय."

मी "अरेरे" म्हटलं आणि कामाला लागले.

कामाची पद्धत अशी, की जुन्या मॉड्यूलमधलं सेटिंग आधी वाचून घ्यायचं आणि तेच जसंच्या तसं नव्यात भरायचं. वाचलं. यादीत खाली एक ओळ होती. शेजारच्या सीटची बेल्टची सूचना: बंद. गाडी कंपनीतून येते तेव्हा ती चालू असते. ती आपोआप बंद होत नाही, कुणीतरी करावी लागते.

ते कुणीतरी म्हणजे मी.

वर्षापूर्वी दादा सर्व्हिसिंगला आले होते. "ह्या टिंगटिंगनं डोकं उठलंय माझं," म्हणाले. "कॅमेऱ्याच्या भ्यानं मी माझा बेल्ट लावतोच की वो. पर शेजारी कागदांची पिशवी ठिवली तरी बोंबलतंय. पिशवीला काय बेल्ट लावू व्हय?" मला हसू आलं. दोन मिनिटांचं काम! नियमात बसत नाही, पण तेवढं येतं हे दाखवायची हौस. करून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेतातली मेथी आणून दिली, आणि मी "कशाला हो" म्हणत घेतली.

आता ती ओळ समोर होती. सरळ सांगते, पहिली भीती नोकरीची वाटली. त्या बाईंच्या डोळ्याची नंतर. ह्याची लाज मला अजून वाटते.

मी उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॅटरीचा चार्जर नीट लागलाय का पाहिलं, जो मीच लावला होता. पुन्हा बसले, पुन्हा उठले. नवऱ्याचा फोन आला, जेवलीस का म्हणून. त्याच्यावरच खेकसले. "नाही जेवले, आणि विचारूही नकोस!" तेवढ्यात दादा काचेपाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ते टिंगटिंगचं तेवढं... पहिल्यावानीच ऱ्हाऊ द्या."

डोकं असं सणकलं म्हणता! तोंडाशी आलेलं गिळलं. ती ओळ चालू केली आणि सगळं नव्या मॉड्यूलमध्ये भरलं. एअरबॅगचा दिवा विझला. चला, आता तरी गाडी बोलेल, असं वाटून जरा बरं वाटलं. पण तेवढंच. झालेलं कुणाला सांगायचं माझ्या मनात नव्हतं.

चार दिवसांनी डिलिव्हरी होती. दादा वहिनींना घेऊन आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पंचेचाळिशीच्या असतील. भुवईवर टाक्यांचा व्रण, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी. मान जरा तिरकी करून, उजव्या डोळ्याने बघत चालायच्या. दाराचं हँडल त्यांना पटकन सापडलं नाही, म्हणून मी दार उघडून दिलं. त्या बसल्या. दादांनी गाडी चालू करून जरा पुढे घेतली आणि टिंगटिंग सुरू झाली.

वहिनी दचकल्या. "आन हे काय वाजतंय?"

"बेल्ट लावा म्हणून सांगतंय," मी म्हटलं.

"मंग आधी का न्हाई वाजलं कदी?"

दादांनी ब्रेक दाबला. "नवी मशीन हाय ना, तिच्यात आलंय हे." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "आन वाजायला कशाला पायजे? तुला अक्कल नगं व्हय?"

वहिनींनी मान खाली घातली. त्या घरात महिनाभर हेच चाललं असणार, हे मला त्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"वहिनी, ही सोय आधीपासून होती," मी म्हणाले. "मी बंद केली होती. वर्षापूर्वी. दादांनी सांगितलं, मी केली."

दादा समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. टिंगटिंग चालूच होती. मला वाटलं, आता वहिनी त्यांना बोलतील, मला शिव्या देतील, साहेबांना बोलवा म्हणतील. त्यातलं काहीही मी ऐकून घेतलं असतं.

त्यांनी अख्खी मान माझ्याकडे वळवली, उजवा डोळा माझ्यावर येईपर्यंत.

"बंद करताना इचारलं व्हतं का ताई तुमी ह्यास्नी," त्या म्हणाल्या, "त्या सीटवर कोन बसतंय म्हनून?"

"नाही," मी म्हणाले.