सुपाबरोबर तोंडी लावायला

आमचे मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरभरच्या लोकांना वर-खाली नेणारा हा माणूस स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. कुणी त्यावरून चेष्टा केली की तेही हसायचे आणि पिशव्या उचलून जिना चढायला लागायचे.

स्वयंपाकातलं त्यांना एकच यायचं: पांढऱ्या घेवड्याचं दाट सूप. दाणे शनिवारी भिजत घालायचे, रविवारी कांदा, गाजर, टोमॅटो टाकून मंद आचेवर ठेवायचे आणि मोटर उघडून ठेवल्यासारखं पातेल्यापाशी पहारा देत उभं राहायचं. सूप त्यांचं, पण त्याच्याबरोबर तोंडी लावायला काय, हे मामी ठरवायची. उकडलेला बटाटा आणि लोणी, की व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, की लिंबू पिळलेला कच्चा कोबी, की नुसता कडक भाजलेला पाव. मामी शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवरून मान वर न करता ती सांगायची, आज सूप जड झालंय, आंबट काहीतरी हवं. मामा मुकाट्याने कांदा सोलायला घ्यायचे. न चाखता कसं कळतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, वासावरून. मामांना स्वतःचं मत म्हणून नव्हतंच. मला त्यांचा राग यायचा. एवढा मोठा माणूस, मुळा की काकडी एवढंही त्याला ठरवता येऊ नये?

मग मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळत सगळं होतं आणि डावा हात चालत होता, पण गिळता येईना. दवाखान्यात गिळणं तपासणाऱ्या बाईंनी मामांना समोर बसवून बजावलं: पातळ काही नको, कण असलेलं नको, पाव तर मुळीच नको. घास श्वासाच्या वाटेला गेला तर छातीत उतरेल. जे द्याल ते वाटून, गाळून, दाट. मामांना उलट धीर आला. दाट सूप तर त्यांना येतच होतं.

पण मामी तोंडच उघडेना. चमचा जवळ आला की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढलं की मामीचे डोळे भरून यायचे. तिच्या आईला शेवटी नळी होती, आणि ती ओढू नये म्हणून पलंगाला बांधलेले आईचे हात मामीने रोज पाहिले होते. तिने खावं आणि नळी टळावी, याखेरीज घरात दुसरा विषय उरला नाही. मामांनी नोकरी सोडली.

आणि ज्यांना जन्मात काही ठरवता आलं नाही, त्या मामांनी एक युक्ती काढली. तिच्यासमोर तीन बश्या मांडायच्या: एकीत भाजलेला पाव, एकीत कांदा, एकीत मुळ्याच्या चकत्या. मामीने बोट दाखवायचं. बोट जिच्यावर, ते मामांनी खायचं, तिच्या कानाशी बसून, कुरुमकुरुम आवाज करत, कसं लागतंय ते सांगत. कांद्याला आज व्हिनेगर कमी पडलंय, असं काहीबाही. त्या घासाबरोबर तिने सुपाचा चमचा घ्यायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, काय हा पोरखेळ. पण मामीने तोंड उघडलं. वाटीभर सूप पोटात गेलं. जिना उतरताना मला रडू आवरेना.

काही महिने असे निभावले. मुळ्याने मामांचं पोट बिघडायचं, म्हणून मामी मुद्दाम मुळ्यावर बोट ठेवायची आणि अर्ध्या तोंडाने हसायची.

पुढे बोट पावावरच जायला लागलं. आधी पाव, मग स्वतःचे ओठ. मामा नाही म्हणायचे, ती चमचा नाकारायची, आणि पुन्हा पाव, पुन्हा ओठ. मीही चिडून तिला बोलले, की मामी, तुला कळत कसं नाही. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी नसताना एका दुपारी मामांचा निश्चय ढळला. त्यांनी नखाएवढा तुकडा सुपात भिजत ठेवला. विरघळेल असं त्यांना वाटलं, आणि तो तिच्या जिभेवर ठेवला. "किती खूश झाली होती," एवढंच ते त्या दुपारबद्दल सांगतात. मग ठसका, निळे पडलेले ओठ, ताप, न्यूमोनिया.

मामी वाचली, पण घरी आली ती नाकात नळी घेऊन. नळी ओढते म्हणून तिच्या चांगल्या हाताला कापडी पिशवी बांधलेली असते. नळीतून दुधासारखं काहीतरी उतरतं. त्याला तोंडी लावायला काही लागत नाही. मामी आमच्याकडे बघत नाही, छताकडे बघते. ती बरी होईल असं आता कुणी म्हणत नाही, आणि खोटा धीर द्यायला माझी जीभ रेटत नाही.

परवा गेले तर मामा ओट्यापाशी उभे. गॅसवर सूप शिजत होतं. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. पुढ्यात कांदा, कोबी, पाव आणि सुरी, पण काहीच चिरलेलं नव्हतं. मी कोबी चिरू का म्हटलं. त्यांनी गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"पाव मागायची तेव्हा तिला ठाऊक होतं का गं, काय होईल ते?"

हा प्रश्न मलाही कितीतरी दिवस कुरतडत होता. ठाऊक असेल, तर तिला या सगळ्यातून सुटायचं होतं, मामांनाही सोडून. हे त्यांना झेपणार नाही असं मला वाटलं, आणि त्यांचा जीव हलका व्हावा म्हणून मी ठाम आवाजात म्हणाले, "नाही मामा. तिला काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त पाव खावासा वाटला."

मामांनी पुढ्यातला पाव बाजूला सारला.

"म्हणजे तिला जगायचं होतं," ते म्हणाले. "आणि पाव मी दिला."