काजलच्या पाच ओळी

वर्धापनदिनाच्या अंकासाठी डोळखांबकडच्या काजलवर अर्धं पान लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. लिहितो. पण ती पोरगी माझ्या डोळ्यांत खुपते, हे आधीच सांगून टाकतो.

ती बातमीदार म्हणून आली तेव्हा मुरबाडच्या या साप्ताहिकाला शहापूरच्या बातम्या देत मला वीस वर्षं झाली होती. ती पाचच ओळी लिहायची आणि लोक माझा रकाना सोडून तेवढंच वाचायचे.

युक्रेनची लढाई पेटली त्या साली कागद महागला, मग मिळेनासाच झाला. आठ पानांची चार झाली. संपादक म्हणाले, "शहापूर तालुक्याची एकच बातमी." पहिले तीन आठवडे ती एक बातमी काजलचीच! माझा नुसता जळफळाट.

"तुमीपण थोडक्यात लिवा ना," बायको म्हणाली. घरचीच माणसं फितूर, दुसरं काय!

काजलच्या पाड्यावर रेंज नाही. ती चिठ्ठी लिहून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि मी टाइप करून पुढे पाठवायचो. चौथ्या आठवड्यात चिठ्ठी आली: रविवारी डोळखांबला डोळ्यांची मोफत तपासणी, मोतीबिंदूवाल्यांना तिथूनच ऑपरेशनला नेणार. ती मी खिशात घातली आणि माझी बातमी पाठवली. वाशिंदच्या एका सोसायटीच्या कमानीचं उद्घाटन. नावासकट छापून आली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

रविवारी मात्र राहवेना, म्हणून डोळखांबला गेलो. शिबिरात ही रांग! म्हाताऱ्या येसूबाईंचा हात धरून काजल उभी होती. तिच्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला.

"काका, तुमची बातमी वाचली. जागा एकच, माजी रायली आसंल," ती म्हणाली. "मग आमी सात पाडे फिरून सांगितलं."

"ह्ये कोन गो?" येसूबाईंनी विचारलं.

"आमचे काका. पेपरात लिवतात."

"कंच्या पेपरात?"

चिठ्ठी खिशातच होती. काढायचं धाडस झालं नाही. आणि खरं सांगतो, लाजेपेक्षा मला तिचा हेवाच जास्त वाटला. तिचं कागदावाचून काही अडलं नव्हतं.

संपादक, ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. जागा कमी पडली तर माझं कापा. तिच्या पाचच ओळी आहेत.