कुठले म्हणायचे तुम्ही?

हसनाबादच्या फाट्यावर केशरबाईचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, वर चार पत्रे, आत एक शेगडी आणि बाहेर रस्त्याकडे तोंड करून एक लांब बाकडं. पण संध्याकाळी त्या बाकड्यावर जी मंडळी टेकतात, त्यांनी मिळून जेवढं जग बघितलंय तेवढं भोकरदन तालुक्यात दुसऱ्या कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. सर्जेराव फौजेत होता, तो शांतिसेनेबरोबर सुदानला जाऊन आलेला. भुजंग बोअरच्या गाडीवर होता, तो पार केनियात भोकं पाडून आला. आणि तिसरा मुबारक ड्रायव्हर. त्यानं आधी सौदी, मग कुवेत, मग इराक आणि शेवटची काही वर्षं पोलंडमधल्या एका कंपनीचा ट्रेलर हाकला. आता तो पिकअपमधून गावची मिरची भोकरदनच्या बाजारात नेतो आणि मेंदी लावलेली दाढी कुरवाळत गोष्टी सांगतो.

परदेशातून आलेला माणूस तिकडचं गुणगान गातो, हा जगाचा रिवाज. या तिघांचं उलटं होतं. सगळ्यात वाईट जागा कोणी पाहिली, यावर त्यांची चढाओढ चालायची. भुजंग कुठल्याशा गावातल्या माश्यांचं वर्णन असं करायचा की समोरच्यानं चहाचा कप झाकून घ्यावा. सर्जेराव उन्हाचं सांगायचा. निकाल केशरबाई द्यायची, आणि जो जिंकेल त्याच्या हातात नव्या आधणाचा पहिला कप यायचा. तो बहुतेक वेळा मुबारकच्याच हातात यायचा, कारण तो माश्या आणि ऊन यांच्या भानगडीत पडायचाच नाही. तो माणसांचं सांगायचा.

"ऊन काय, जालन्यालाबी पडतंय," तो म्हणायचा. "गाव ओळखायचं एकच माप हाये. परका माणूस दिसला का त्याला कोनी इचारतंय का न्हाई, का बाबा, कुठले म्हनायचे तुम्ही? बस. पानी नंतर. आधी इचारनं."

आपल्याकडच्या या चौकशा शिकलेल्या पोरांना नकोशा होतात. कुठले, कोणाचे, तुमच्याकडचा पाऊस कसा, आमच्या अमक्याला ओळखता का. मुबारकलाही तरुणपणी त्या नकोशाच व्हायच्या. पण देशोदेशी फिरून त्याला त्यांची अशी काही भूक लागली होती की गावी परत आल्यावर एस.टी.तून उतरताच एका म्हाताऱ्यानं त्याला न ओळखता "कुठले म्हणायचे?" असं विचारलं, तेव्हा हा दाढीवाला गडी रस्त्यात उभा राहून रडला होता. म्हातारा घाबरून निघून गेला, ती गोष्ट वेगळी.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट पोलंडच्या हद्दीवरच्या एका पंपाची. बाहेर बर्फ, गाडी लावलेली, हा आत गेला. काउंटरवर एक माणूस. "म्या तोंड उघडलं," मुबारक सांगायचा, "निस्तं उघडलं हां, अजून शब्द भाईर न्हाई, तं त्यानं वर न बघता असा हात केला." इथं तो तळहात पुढं करून असा काही दाखवायचा की बाकडं हसून हलायचं. "म्या उभा. गिऱ्हाइकं येऊन राह्यलीत, जाऊन राह्यलीत. दिवे लागले. पर कोनी म्हनलं न्हाई, बाबा, तू कोन?"

एवढं सांगून तो थांबायचा. गोष्ट इथंच संपते असं सगळ्यांनी धरलं होतं.

आता मुबारकच्या घरचं सांगायला हवं. बायको अनवरी आणि एकच मुलगी, अफ्रीन. अफ्रीन उर्दू शाळेत शिकवते. दोन ठिकाणी जमता जमता फिसकटलं होतं, आणि दोन्ही वेळा नकार तिचाच होता, त्यामुळे अनवरीची झोप उडालेली. या खेपेला अनवरीच्या बहिणीनं, जालन्याच्या अंबरीननं, घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थकडच्या एका गावातला मुलगा सुचवला. नाव सोहेब, जालन्यात कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्याचे वडील अतिक, गाद्या-रजया भरणारे पिंजारी. फोटो पाहून अफ्रीन फोन परत द्यायला विसरली. आईला तेवढं पुरलं. दोन्ही बापांची गाठ अजून पडायची होती. ईद झाली की मंडळी बघायला येणार असं ठरलं होतं. मुबारकनं अनवरीला बजावून ठेवलं होतं, "घर कैसा भी रहने दे, पन आदमी आया तो उसको लगना, आपने घर आया."

ईदेच्या आधीच एका संध्याकाळी भोकरदनहून जालन्याला जाणारी एक एस.टी. फाट्यावर थांबली आणि पांढऱ्या टोपीतला एक बारकेला म्हातारा हातात कापडी पिशवी घेऊन उतरला. तो इकडंतिकडं बघत बाकड्यापाशी आला. बाकडं भरलेलं, गोष्ट रंगात आलेली. सर्जेरावानं नेमकं तेव्हाच विचारलं, "मंग, मुबारकभाई? मंग काय झालं?" म्हाताऱ्यानं ते नाव ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो एक पाऊल पुढं आला.

"भाईसाब, जरा..."

मुबारकनं नीट न बघता तळहात पुढं केला. "एक मिनिट, चाचा. बसा." आणि तोच हात तसाच ठेवून त्यानं गोष्ट पुढं ओढली, "तं त्यानं वर न बघता असा हात केला!" बाकडं हसून हलू लागलं.

म्हातारा बाकड्याच्या अगदी टोकाला, अर्धा खाली अर्धा वर असा बसला. केशरबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. दोघं काहीतरी बोलली. गोष्ट संपली, मग भुजंगाची माश्यांची सुरू झाली, मग तिच्यावरून वाद. पुढची बस आली तेव्हा म्हातारा उठला आणि चढून गेला. मुबारकच्या हातात तेव्हा पहिला कप होता.

दुसऱ्या दिवशी तो मिरचीची पोती उतरवून घरी आला आणि फोन वाजला.

"मुबारकभाई? मैं अतिक. सोहेब का वालिद." आवाज मऊ होता, बिलकुल राग नव्हता. "कल आपके गाँव आया था मैं. आपकी कहानी सुना. बहुत अच्छी बोलते आप." मग थोडं थांबून, "बस आ गई तो निकल गया. गाँव अच्छा है आपका. उस होटलवाली बाई ने पानी दिया, पूछा भी, कहाँ के."

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मुबारकला सोसवेना. माणूस शिव्या देतो तेव्हा निदान उलट बोलता येतं. तो फोन ठेवून दारातल्या पोत्यावरच बसला. अनवरीला सगळं कळलं तेव्हा ती ओरडली नाही. कपाळाला हात लावून एवढंच म्हणाली, "सारी दुनिया फिरके आए, और आपनेच गाँव में पाहुने को हाथ दिखाए!" अफ्रीन आत वह्या तपासत होती. तिनं सगळं ऐकलं, वह्या गोळा केल्या आणि मागच्या अंगणात निघून गेली. ती रडली असती तर मुबारकला बरं वाटलं असतं. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाला नाही म्हटलं नव्हतं, आणि बापानं हाताच्या एका फटकाऱ्यात त्यावर पाणी ओतलं होतं.

तो केशरबाईकडे गेला. "तुमी बोल्ल्या व्हत्या त्यांच्यासंगं. काय म्हनले?"

"मी इचारलं कुठले. घनसावंगीकडचे म्हनले. म्या म्हनलं कोनाकडं आल्ते, तं तुमच्याकडं बघितलं त्यायनं, मंग म्हनले, न्हाई, असाच आल्तो." केशरबाई पातेलं घासत होती, ती थांबली. "मला वाटलं तुमच्या वळखीचं न्हाई कोनी. डोळे लाल व्हते बगा त्यायचे. मी म्हनलं धुरानं झाले आसतील."

अतिकभाईंकडे पिकअप घेऊन जाता आलं असतं, पण मुबारक एस.टी.नंच निघाला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. जालन्याला गाडी बदलून तो त्या गावात उतरला तेव्हा दुपार कलली होती. फाट्यावर सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढणाऱ्या माणसानं हातातली ट्यूब न सोडता विचारलं, "कुठले म्हणायचे, पाव्हणं?"

हा प्रश्न सांगत सांगत मुबारकनं कितीएक कप जिंकले होते. आज त्याचं उत्तर देताना मान वर होईना. "हसनाबादचा," तो म्हणाला.

अतिकभाईंच्या ओसरीत कापूस पिंजायचं मशीन घरघरत होतं आणि सगळीकडे पांढरी रुई उडत होती. मुबारक दारात दिसताच अतिकभाईंनी बटण दाबून मशीन बंद केलं. खांद्यावरची रुई झटकली, स्वतः आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि तो त्याच्या हातात देऊन समोर बसले. पाहुणा पाणी पिऊन होईपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांची रीत असावी.

ते दोघं घरच्या बोलीत बोलले, मी आपल्या मराठीत सांगतो.

"मला माफ करा," मुबारक म्हणाला. येताना त्यानं बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं.

अतिकभाईंनी मान हलवली. मग म्हणाले, "तुमची ती गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. तो पंपवाला. तुम्ही आत कशाला गेला होता, ते सांगितलंच नाही. काय विचारायचं होतं त्याला?"

इतकी वर्षं बाकड्यावर ही गोष्ट होत आली. सर्जेरावानं मग काय झालं असं विचारलं, भुजंगानं पुढं काय असं विचारलं. हे कोणीच विचारलं नव्हतं. मुबारक खाली पडलेल्या रुईकडे बघत राहिला.

"काही विचारायचं नव्हतं," तो म्हणाला. "गाडीत असताना घरून फोन आला. अब्बा गेले. इकडं माती देऊन झाली होती. मी गाडीतून उतरलो आणि आत गेलो. वाटलं, समोर एक माणूस आहे, त्याला सांगावं, माझे अब्बा गेले. त्याला भाषा कळली नसती. पण सांगावं असं वाटलं." त्यानं तळहात उचलला, पण या वेळी पुढं केला नाही, मांडीवर परत ठेवला. "त्यानं हात केला. लोकांना हसायला आवडतं, म्हणून मी तेवढंच सांगतो."

अतिकभाईंनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. बाहेर एक बकरी ओरडत होती.

"मी त्या दिवशी भोकरदनला बहिणीला माती देऊन येत होतो," ते म्हणाले. "धाकटी होती. परत येताना बसमध्ये हसनाबादची पाटी दिसली. वाटलं, इथं आपले होणारे समधी, व्याही आहेत, घडीभर बसावं. फोन करावा असं सुचलंच नाही."

आयुष्यात इतक्या देशांतली कडू माणसं त्यानं रंगवून सांगितली, त्यांतलं एकही त्याच्याइतकं कडू नव्हतं. पंपवाल्याला निदान भाषा येत नव्हती. इथं भाषा एक, कौम एक, बाकडंसुद्धा एक. त्याला तिथून उठून पळावंसं वाटलं, आणि पळालो तर पोरीचं तोंड कसं बघू, असंही वाटलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

अतिकभाईंनी ते पाहिलं. आतल्या दाराकडे वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "सुनती क्या, सोहेब की अम्मी? समधी आए हैं. खाना खाके जाएँगे."

आतून भांड्याचा आवाज आला. मुबारकला हसनाबादच्या घरातलं मागचं अंगण आठवलं; तिथं निघून गेलेल्या पोरीला आता सांगण्यासारखं काही होतं. आभार मानावेत तर शब्द हलका पडला असता. फाट्यावर शेवटची बस येऊन उभी राहिल्याचा हॉर्न ऐकू आला. पंक्चरवाल्यानं तिकडूनच आवाज दिला, "हसनाबादचे पाव्हणं, बस लागली!"

मुबारक उठला नाही. तो अतिकभाईंच्या जवळ सरकून बसला.

"नाव काय होतं तुमच्या बहिणीचं?" त्यानं विचारलं.

अतिकभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते सांगू लागले. बस निघून गेली.